पितळी तारांची वीणा

आयर्लंडच्या नित्याच्या नाण्यावर कोणा राजाचे वा पुढाऱ्याचे मुख नसते. तेथे एक वाद्य कोरलेले असते. त्या देशाने १९२८ साली आपली स्वतंत्र नाणी पाडली, तेव्हापासून आजच्या युरो नाण्यापर्यंत हे चिन्ह कायम राहिले आहे. तेच राज्यमुद्रेवर आहे, तेच पारपत्रावरही आहे. सिंह, गरुड वा तलवार यांना राष्ट्रचिन्हाचा मान देणारे देश पुष्कळ आहेत. वाद्याला तो मान देणारा देश विरळाच.

परंतु या वाद्याची कथा विलक्षण आहे. १९२८ साली ते नाणे लोकांच्या हाती पडले, तेव्हा ते वाद्य जुन्या रीतीने वाजविणारा वादक देशात उरला नव्हता. गुरुपरंपरेने शिकलेल्या अखेरच्या नामांकित वादकांपैकी पॅट्रिक बर्न हा १८६३ सालीच निवर्तला होता. म्हणजे वाद्याचे चित्र प्रत्येकाच्या खिशात होते आणि त्याचा नाद कोणाच्याच कानी नव्हता. तो नाद कसा हरवला, आणि गेल्या पन्नास वर्षांत कांही चिकाटीच्या माणसांनी तो पुन्हा कसा शोधून काढला, हे आमच्या वाचककुटुंबांस सांगावे असे आम्हांस वाटते.

वाद्य कसे असते

या वाद्यास इंग्रजीत हार्प म्हणतात. आयर्लंडच्या गेलिक भाषेत त्याचे नाव क्लारशाख. मराठी पवित्र शास्त्रात दावीद राजाच्या हाती 'वीणा' असते, म्हणून आम्हीही येथे वीणा हाच शब्द योजतो. मात्र आपल्याकडील भोपळ्याची वीणा वाचकांनी डोळ्यांपुढे आणू नये. ही वीणा तिकोनी असते. खाली पोकळ पेटी, वर वळणदार मान, आणि त्या दोहोंना सांधणारा पुढचा भक्कम बाकदार खांब, असा तिचा घाट. तारा पेटीतून निघून वरच्या मानेतील खुंट्यांपर्यंत जातात. प्रत्येक तारेचा एकच स्वर. बोटाने तार दाबून स्वर बदलण्याची सोय येथे नाही.

तिची पेटी फळ्या जोडून केलेली नसते. एकाच ओंडक्याचा गाभा कोरून ती तयार करीत. त्यासाठी बहुधा विलो झाडाचे लाकूड घेत. याच झाडाच्या एका जातीपासून क्रिकेटच्या बॅटी करतात. तारा पितळेच्या असत आणि त्यांची संख्या तिसाच्या आसपास असे. इतर युरोपात वीणेला प्राण्याच्या आतड्याची तात लावीत. तातेचा स्वर मऊ असतो व लवकर विरतो. पितळी तारेचा नाद मात्र घंटेसारखा असतो आणि तार छेडल्यावर बराच काळ दरवळत राहतो. या दीर्घ नादातच या वाद्याचे सौंदर्य आहे आणि त्यातच त्याची खरी कठीणताही आहे. तिच्याविषयी पुढे सांगू.

मध्ययुगातील अशा तीन वीणा आजही पाहावयास मिळतात. एक डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. आयर्लंडचे राष्ट्रचिन्ह तिच्याच आकारावरून घेतले आहे. १०१४ साली रणांगणी पडलेल्या ब्रायन बोरू या राजाची ती वीणा, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. परंतु ती त्याच्यानंतर कित्येक शतकांनी घडली, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. उरलेल्या दोन स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातही गेलिक भाषाच नांदत होती आणि तेथेही हीच वीणा वाजत होती.

बिशपांच्या प्रवासातील सोबती

या वादनाची जुनी साक्ष एका धर्मगुरूने लिहून ठेविली आहे. वेल्स देशाचा जेराल्ड हा विद्वान आर्चडीकन ११८५ साली राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडला गेला. आयरिश लोकांच्या चालीरीती त्याला मुळीच आवडल्या नाहीत आणि आपल्या ग्रंथात त्याने त्यांच्यावर कठोर टीका केली. वीणावादनाची गोष्ट निघताच मात्र त्याची लेखणी पालटते. या लोकांची बोटे अतिशय वेगाने चालतात, तरीही ताल ढळत नाही व माधुर्य कमी होत नाही, असे तो आश्चर्याने नमूद करतो. आयर्लंडचे बिशप, मठाधिपती व संतपुरुष प्रवासात वीणा जवळ बाळगीत आणि ती वाजविण्यात भक्तीचा आनंद मानीत, असेही त्याने लिहिले आहे. आयर्लंडमधील जुन्या दगडी क्रुसांवरही वीणा वाजविणाऱ्या दावीदाची आकृती कोरलेली आढळते. देवळात आणि दरबारात या वाद्याला सारखाच मान होता.

दरबारी वादकाचा मान मोठा असे. सरदाराच्या घरी कवी कवन रची आणि वीणेच्या साथीवर ते म्हटले जाई. वादकाला जमीन मिळे, पंगतीत मानाचे पान मिळे. ही विद्या कागदावर उतरविण्याची कोणास गरज वाटली नाही. गुरूने वाजवावे, शिष्याने ऐकावे, त्याच्यामागून वाजवावे आणि मनात साठवावे, हीच रीत होती.

आश्रय तुटला

हा आश्रय सतराव्या शतकाच्या आरंभी तुटला. १६०१ साली किनसेलच्या लढाईत गेलिक सरदारांचा पराभव झाला आणि १६०७ साली त्यांतील प्रमुख सरदार देश सोडून युरोपात निघून गेले. त्या शतकाच्या अखेरीपासून कॅथॉलिकांविरुद्धचे जाचक कायदे आले. कॅथॉलिकाला जमीन विकत घेता येईना. बापाच्या जमिनीचे तुकडे तुकडे होऊ लागले. ज्या घरांच्या दिवाणखान्यात वीणा वाजत होती ती घरेच उणावत गेली. आता वादक एका दारी राहू शकत नव्हता. घोड्यावर बसून तो या वाड्यावरून त्या वाड्यावर जाई, चार दिवस राही, यजमानाच्या नावाने एखादी चाल बांधी आणि पुढे जाई.

या फिरत्या वादकांत अंधांचा भरणा मोठा होता. त्या काळी देवीच्या रोगाने असंख्य मुलांची दृष्टी जाई. शेत नांगरणे वा दुकान चालविणे ज्याला शक्य नाही अशा मुलाच्या हाती आईबाप वीणा देत, म्हणजे त्याच्या पोटाची सोय होई. टर्लक ओकॅरोलन हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तो १६७० साली जन्मला. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास देवीने त्याचे डोळे नेले. ज्या मॅकडरमट रो घराण्याकडे त्याचे कुटुंब आश्रयाला होते, तेथील मालकीणबाईंनी त्याच्या वीणेच्या तीन वर्षांच्या शिक्षणाची सोय केली आणि मग एक घोडा, एक वाटाड्या व थोडे पैसे देऊन मार्गाला लावले. ही विद्या बालपणीच धरावी लागते. अठराव्या वर्षी बसलेला हात पहिल्या प्रतीचा होऊ शकला नाही, असे त्याचे समकालीन म्हणत. परंतु त्याने दोनशेंहून अधिक चाली रचल्या आणि त्या आजही वाजतात. १७३८ साली अंत जवळ आल्याचे जाणवताच तो त्याच बाईंच्या घरी परत आला आणि तेथेच त्याने देह ठेविला.

बेलफास्टचा मेळावा

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कला आता बुडणार, हे बेलफास्ट नगरातील कांही सुजाण गृहस्थांच्या ध्यानी आले. त्यांनी १७९२ च्या जुलै महिन्यात साऱ्या देशातील वीणावादकांना बक्षिसे लावून पाचारण केले. किती आले? आयर्लंडचे अवघे दहा आणि वेल्सचा एक. त्या दहांपैकी सहा अंध होते. सर्वांत लहान वादक पंधरा वर्षांचा आणि सर्वांत मोठा नव्वदी उलटलेला. रोझ मूनी ही अंध वादिका त्यांत एकटीच स्त्री.

या चाली टिपून घेण्यासाठी आयोजकांनी एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकास नेमले. वीणेचे शिक्षण त्याला नव्हते आणि गेलिक भाषाही येत नव्हती. तरी त्या तीन-चार दिवसांत त्याने जे ऐकले त्याने त्याचे सारे आयुष्य वळले. मेळावा संपल्यावर तो वादकांच्या गावोगावी गेला आणि पुढे १७९६, १८०९ व १८४० साली त्याने तीन संग्रह प्रसिद्ध केले. आज आपणांस या संगीताविषयी जे कांही ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग या एका माणसाच्या श्रमामुळे ठाऊक आहे.

त्या मेळाव्यातील सर्वांत वृद्ध वादक डेनिस हेम्पसन. तीन वर्षांचा असताना देवीने त्याची दृष्टी गेली. बाराव्या वर्षी तो ब्रिजेट ओकाहन या स्त्रीजवळ वीणा शिकू लागला. लांब वाढविलेल्या नखांनी पितळी तारा छेडण्याची प्राचीन रीत त्या दहांत एकट्या हेम्पसनजवळ उरली होती. इतर सर्व जण बोटांच्या मांसल टोकांनी वाजवीत. परंतु पहिले बक्षीस हेम्पसनला मिळाले नाही. ते चार्ल्स फॅनिंग या वादकाने पटकावले, कारण त्याने एक लोकप्रिय चाल नव्या धर्तीच्या फेरफारांनी सजवून वाजविली होती. श्रोत्यांचे कान तोवर बदलले होते. ज्या जुन्या विद्येच्या रक्षणासाठी मेळावा भरला, ती समोर वाजत असताना तिचे मोल थोड्यांनाच कळले.

बंटिंगला मात्र ते कळले होते. तो पुढे हेम्पसनच्या घरी, समुद्रकाठच्या मॅगिलिगन गावी गेला. म्हातारा सहज वश होईना. फार जुन्या चाली वाजवून काय उपयोग, त्या शिकायला कठीण, आणि त्या वाजविल्या की मनातील दुःखद आठवणी जाग्या होतात, असे तो म्हणे. आग्रहावर आग्रह केल्यानंतर कांही थोडे हाती लागले. जे त्याने वाजविलेच नाही ते त्याच्याबरोबर गेले.

१८०५ साली एक पाद्री त्याला भेटावयास गेले, तेव्हा तो झोपडीत विस्तवाजवळ अंथरुणात पडला होता आणि त्याची वीणा त्याच्याजवळच पांघरुणाखाली होती. १८०७ साली तो वारला. वय एकशे बारा होते असे लोक सांगत. मरणाच्या आदल्या दिवशी एक आवडते पाहुणे आल्याचे ऐकून त्याने आपल्याला उठवून बसविण्यास सांगितले, वीणा हाती घेतली, कांही स्वर छेडले आणि थकून तो मागे टेकला. त्याची १७०२ साली घडविलेली ती वीणा आज डब्लिनमध्ये जतन केलेली आहे.

भारतातून गेलेला पैसा

कला तगावी म्हणून बेलफास्टमध्ये १८०८ साली अंध मुलांसाठी वीणेची शाळा निघाली. मेळाव्यातील आर्थर ओनील हा अंध वादकच तिचा गुरू. पैशाअभावी ती थोड्याच वर्षांत बंद पडली. १८१९ साली ती पुन्हा उघडली, आणि यात आपल्या देशाचाही संबंध आहे. या दुसऱ्या शाळेचा खर्च मुख्यतः भारतात नोकरीचाकरीस असलेल्या आयरिश गृहस्थांनी वर्गणी काढून पाठविलेल्या रकमेतून चालला. ती रक्कम सुमारे वीस वर्षे पुरली. आरंभी उल्लेखिलेला पॅट्रिक बर्न हा बेलफास्टच्या या प्रयत्नातूनच तयार झाला. १८४५ साली एडिंबरोत त्याची वीणेसह छायाचित्रे घेतली गेली. छायाचित्रकला तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती.

दरम्यान डब्लिनच्या जॉन ईगन या कारागिराने १८१९ च्या सुमारास नवी, हलकी, तातेची वीणा बाजारात आणली. ती बैठकीत शोभे आणि शिकावयास सुलभ होती. आज आयर्लंडमध्ये जी वीणा सर्वत्र दिसते ती या नव्या वीणेच्या कुळातील आहे. तीही गोड आहे. परंतु हेम्पसनची वीणा ती नव्हे.

पुन्हा पहिला धडा

गुरू उरला नसताना विद्या शिकावी कशी? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी मनावर घेतला त्यांत अमेरिकेतील ॲन हेमन या बाईंचे नाव अग्रभागी आहे. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी पितळी तारांची वीणा घेतली, नखे वाढविली आणि जुन्या उल्लेखांवरून हात बसविण्यास आरंभ केला. १९८८ साली त्यांचे या वादनावरील पुस्तक निघाले. पुढे आयर्लंडमध्येही या जुन्या वीणेच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली आणि किल्केनी गावी २००३ पासून उन्हाळी वर्ग भरू लागला. संग्रहालयांतील वीणांची मापे घेऊन कारागिरांनी प्रतिकृती केल्या. २०१९ साली युनेस्कोने आयरिश वीणावादनास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या शिक्षकांजवळ गुरू म्हणून तीन साधने होती: संग्रहालयातील लाकूड, बंटिंगची पुस्तके आणि त्याच्या हस्तलिखित वह्या. छापील पुस्तकांत बंटिंगने त्या चाली पियानोवर वाजतील अशा बेताने मांडल्या होत्या, कारण गिऱ्हाईक पियानोवाले होते. त्यामुळे पुस्तकापेक्षा वादकासमोर बसून घाईघाईने खरडलेल्या वह्याच आज अधिक मोलाच्या ठरल्या आहेत. त्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत. १८४० च्या ग्रंथात मात्र त्याने वादकांकडून मिळालेली बोटांच्या आघातांची गेलिक नावे व वर्णने छापली. त्या यादीने पुढील शिकणाऱ्यांस मोठाच आधार दिला.

नवा विद्यार्थी बसला की वीणा डाव्या खांद्यावर टेकविली जाते. डावा हात उंच स्वरांवर आणि उजवा खर्जावर. हल्लीच्या वीणेत हे नेमके उलट असते. म्हणून आधी दुसरी वीणा शिकलेल्यास आपले हात पुन्हा नव्याने शिकवावे लागतात. मग स्वर जुळविणे. तारांच्या मध्यभागी लगतच्या दोन तारा एकाच स्वरात मिळवितात. जुने वादक त्यांना 'बहिणी' म्हणत. सर्वांआधी या दोन बहिणी जुळवावयाच्या आणि त्यांच्यावरून कानाने बाकीच्या साऱ्या तारा मिळवावयाच्या. आपल्या तंबोऱ्याच्या मधल्या दोन जोडीच्या तारा ज्यांनी लावल्या आहेत त्यांना हे चटकन उमजेल.

त्यानंतर खरी कसोटी येते. तंबोऱ्याच्या सर्व तारा एकसारख्या घुमत राहाव्यात अशीच आपली इच्छा असते. येथे तसे चालत नाही. चालीतील एक स्वर वाजला आणि दुसरा आला, तरी पहिला अजून घुमतच असतो; तिसरा आला की सारा गोंधळ. म्हणून तार छेडणारे बोट परत जाऊन ती तार थांबवितेही. कोणता स्वर घुमू द्यावा आणि कोणता आवरावा, याचा विवेक प्रत्येक क्षणी करावा लागतो. जेराल्डने ज्या वेगवान व तरीही स्वच्छ वादनाची तारीफ केली, त्याचे मर्म बहुधा येथेच असावे. विद्यार्थी म्हणून पहिले कित्येक दिवस दोन-तीन तारांवरच बसतो. छेड, थांबव, ऐक, पुन्हा छेड. कागद समोर ठेवण्याऐवजी शिक्षक एक तुकडा वाजवितो आणि विद्यार्थी तो कानाने घेतो, कारण ओनीलच्या शाळेतील अंध मुलेही अशीच शिकली.

इतके करूनही, हेम्पसन नेमका असाच वाजवीत होता असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकत नाही. हाताचा भार किती, कोठे थांबावे, कोठे उचलावे, हे वहीत उतरले नाही. पावसात वाहून गेलेल्या बांधाचे जेवढे दगड सापडले तेवढे पुन्हा रचावे, तसे हे काम आहे. ते प्रामाणिकपणे चालले आहे, म्हणूनच त्याविषयी आम्हांस आदर वाटतो.

आपल्या घरापुरते

बंटिंगच्या कामातील एका उणिवेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. त्याने चाली टिपल्या, पण गाण्यांचे शब्द तेव्हा टिपले गेले नाहीत. ती भाषा त्याला येत नव्हती. दहा वर्षांनी, १८०२ साली, पॅट्रिक लिंच या जाणकारास कॉनॉट प्रांतात शब्द गोळा करण्यासाठी मुद्दाम पाठवावे लागले. तोवर बेलफास्टला आलेल्यांपैकी कित्येक थकले होते.

आपल्याही घराघरांत लग्नाच्या ओव्या, पाळण्याची गाणी, उपवासकाळातील जुनी गीते एखाद्या आजीच्या कंठातच तेवढी आहेत. ती कोणत्या पुस्तकात नाहीत. मुलांनी शब्द लिहून घ्यावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. चालही तिच्यासमोर बसून, तिने 'आता बरोबर आले' म्हणेपर्यंत गळ्यात उतरवावी. ती प्रथम नाही म्हणेल. हे जुने आता कोणाला हवे, असे म्हणेल. हेम्पसननेही तेच म्हटले होते, आणि बंटिंग उठून गेला असता तर नखांनी वाजविण्याची ती रीत आज कोणालाच कळली नसती. सुगीचे काम आटोपल्यावर रात्री अर्धा तास तरी यासाठी काढता येईल, आणि तो कोणत्या घरी निघाला हे वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावे.